‘अब्दुल’ कोणाचा?

आपल्या मुलांच्या दाखल्यांवर रहमान, रझ्झाक, खालिक ही आडनावे आता सर्रास दिसतात. घराण्याला पारकर, बागवान, अत्तार असे आडनाव असले तर प्रश्न येत नाही. नसले की वडिलांच्या नावाचे दोन तुकडे होतात. ‘अब्दुल’ वडिलांच्या रकान्यात बसतो आणि ‘रझ्झाक’ आडनावाच्या. वर्गात मग मुलाला नुसती ‘ए रझ्झाक’ अशी हाक बसते.

‘अब्द’ म्हणजे बंदा. पुढचे ‘उल’ हे अरबीतले ‘अल’, जोडताना झालेले. म्हणजे ‘अब्दुल’चा अर्थ ‘अमक्याचा बंदा’, आणि तो अमका कोण हे सांगायचेच राहिले! उरलेला तुकडा तर त्याहून नाजूक. रझ्झाक म्हणजे रोजी देणारा. रोजी देणारा अल्लाह. आपण त्याचे बंदे. रहमान, खालिक, रझ्झाक ही नावे ‘अब्द’शिवाय माणसाला लावू नयेत, असे उलमा सांगतात ते यासाठीच. करीम, रहीम, रऊफ यांचे तसे नाही. सूरह तौबाच्या अखेरीस खुद्द रसूलुल्लाह (स.) यांच्यासाठी रऊफ आणि रहीम हे शब्द आले आहेत.

या नावांचा साचा इस्लामच्या आधीचा आहे. मक्केत तेव्हाही अब्द होते, पण मूर्तींचे आणि सूर्याचे. अबू लहबचे खरे नाव अब्दुल उझ्झा, उझ्झा देवीचा बंदा. कुरैशांतल्या एका घराण्याचा मूळ पुरुष अब्द शम्स, सूर्याचा बंदा. त्याच शहरात हुजूर (स.) यांच्या वालिदांचे नाव मात्र अब्दुल्लाह होते. इस्लामने साचा मोडला नाही, मालक बदलला. हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांचे आधीचे नाव अब्द अम्र होते, इस्लाम स्वीकारल्यावर ते बदलले गेले. अल्लाहला सर्वांत प्रिय नावे अब्दुल्लाह आणि अब्दुर्रहमान, अशी हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे.

तुकडे पडण्याची ही गोष्ट आपल्याकडचीच नाही. इजिप्तचे जमाल अब्दुन्नासिर जगाच्या वर्तमानपत्रांत ‘नासिर’ होऊन गेले; अब्दुन्नासिर हे त्यांच्या वडिलांचे अखंड नाव. उलट अमेरिकेतील बास्केटबॉलपटू करीम यांनी १९७१ मध्ये नाव बदलले तेव्हा मध्ये जोडरेघ देऊन ‘अब्दुल-जब्बार’ असे सबंध आडनाव घेतले. आम्हाला हे फार आवडते.

उर्दूत आपण हे नाव सलग लिहितो. बोलताना र, स, न यांच्यापुढे ‘ल’ गिळला जातो, म्हणून अब्दुर्रहमान, अब्दुस्सत्तार. देवनागरीत आल्यावर मात्र मध्ये जागा सुटते, आणि संगणकाला तेवढी फट पुरते.

घरात बाळ आले असेल तर जन्मनोंदीतच नाव एका शब्दात घाला. नोंद नावाशिवाय झाली असेल तर १२ महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क घालता येते, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. मोठ्या मुलांच्या बाबतीत घाई नको. दाखला, आधार, गुणपत्रिका सगळीकडे एकसारखे नाव असेल तर एकाच कागदावर बदल केल्याने पुढे प्रवेशाच्या वेळी त्रास होतो. कागद तसेच राहू द्या, पण घरात आणि वर्गात हाक पूर्ण नावाने मारा: अब्दुर्रझ्झाक.