बटन सेलवरचा सेन्सर आणि एफरॅम

बॅटरीवर चालणाऱ्या सेन्सरमधला मायक्रोकंट्रोलर जवळजवळ सगळा वेळ झोपलेला असतो. मिनिटाकाठी जागा होतो, तापमान मोजतो, नोंद करतो आणि पुन्हा झोपतो. सीआर2032 या बटन सेलमध्ये साठाच मुळी साधारण 225 मिलिअँपिअर-तासांचा, त्यामुळे जागेपणीचा प्रत्येक मिलिसेकंद हिशेबात धरावा लागतो.

हा हिशेब बिघडतो तो नोंद लिहिताना. फ्लॅश मेमरीत लिहायला चिपला आतल्या आत जास्त व्होल्टेज तयार करावे लागते. जुनी नोंद बदलायची तर अख्खा विभाग पुसावा लागतो. एमएसपी430 या मायक्रोकंट्रोलर-कुटुंबातल्या फ्लॅश चिपांत तो 512 बाइटचा असतो. पुसण्याला मिलिसेकंद लागतात. शिवाय एका जागी पुसून लिहिण्याची हमी साधारण 10,000 वेळांची. मिनिटाला एक नोंद धरली तर ती आठवडाभरात संपते, म्हणून नोंदी मेमरीभर पसराव्या लागतात.

टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने 2011 मध्ये याच कुटुंबात एफरॅम या मेमरीच्या चिपा आणल्या. एफरॅममधल्या स्फटिकातले अणू विद्युतक्षेत्राने एका बाजूला सरकतात आणि वीज गेली तरी तिथेच राहतात. आधी पुसणे नाही, वाढीव व्होल्टेज नाही. लिहिणे नॅनोसेकंदांत उरकते आणि झिजेची चिंता व्यवहारात उरत नाही.

मात्र लिहिणे इतके सोपे असल्यामुळेच धोकाही आहे. प्रोग्रामही त्याच मेमरीत असतो. एखादा चुकार पॉइंटर त्याच्यावरच लिहून जातो. म्हणून प्रोग्रामच्या भागाला मेमरी प्रोटेक्शनचे कुलूप सुरुवातीलाच लावायला हवे. नोंद आधी लिहावी आणि नोंदींची संख्या नंतर वाढवावी, म्हणजे मध्येच वीज गेली तर अर्धवट नोंद मोजलीच जात नाही.

एवढे करूनही सेल महिन्याभरात बसला, तर दोष बहुधा चिपचा नसतो. उदाहरणार्थ, सेन्सरला दार उघडे की बंद हेही कळावे म्हणून जोडलेला रीड स्विच घ्या. दार बंद असताना चुंबकामुळे तो जोडलेला राहतो आणि 10 किलोओहमच्या पुल-अप रोधकातून 3 व्होल्टला 300 मायक्रोअँपिअर अखंड वाहत राहतात. झोपलेली चिप एक मायक्रोअँपिअरसुद्धा घेत नाही, आणि हा एक रोधक सगळा सेल 750 तासांत रिकामा करतो. त्या जागी 1 मेगाओहम टाकला की प्रवाह 3 मायक्रोअँपिअरवर येतो. मोकळ्या सोडलेल्या इनपुट पिनाही अशाच वीज खातात.

तेव्हा डेटाशीटमधल्या आकड्यांवरून बॅटरीचे आयुष्य ठरवू नये. पूर्ण जोडलेला बोर्ड झोपवावा, दार बंद ठेवावे आणि मग प्रवाह मोजावा.