तीन मिनिटांची तबकडी

घरातील वृद्धांना त्यांच्या तारुण्यातील गाणी ऐकवावीत, हा सल्ला आपण अनेकदा वाचला असेल. गाणे संपल्यावर काय करावे, हे मात्र मला बर्लिनमध्ये उमगले.

मी तेथे मुलाकडे राहत असताना शेजारी नव्वदीच्या एक आजी होत्या. त्यांची स्मृती क्षीण झाली होती. त्यांची लेक त्यांना पाउल लिंके यांच्या जुन्या तबकड्या ऐकवी. १८६६ साली बर्लिनमध्येच जन्मलेले लिंके हे तेथील ऑपेरेटांचे, म्हणजे हलक्याफुलक्या संगीतिकांचे, जनक मानले जातात. त्यांच्या १८९९ सालच्या ‘फ्राउ लूना’मध्ये बर्लिनचा एक यंत्रकारागीर फुग्यातून चंद्रावर जातो! त्यांचे ‘बर्लिनर लुफ्ट’, म्हणजे ‘बर्लिनची हवा’, हे गीत लागले की श्रोते आजही ठरल्या जागी शिट्टी घालतात. आजींचेही ओठ तेथे आपसूक जुळत.

१९२५च्या सुमारास मायक्रोफोन रुळेपर्यंत गायक-वादक एका मोठ्या कर्ण्यासमोर दाटीवाटीने उभे राहत. केवळ आवाजाच्या कंपनांनी मेणावर रेघ कोरली जाई. व्हायोलिनचा नाजूक स्वर पोहोचावा म्हणून त्यालाही धातूचा कर्णा जोडत. दहा इंची तबकडीची एक बाजू सुमारे तीन मिनिटांत संपे. थकलेल्या मनाला ही मर्यादा मानवते, असे मला त्या घरी जाणवले.

एकदा शिट्टीची जागा आली आणि आजी रडू लागल्या. त्यांच्या बालपणीचे बर्लिन बाँबफेकीत उद्ध्वस्त झाले होते. लिंके यांचेही तेथील घर युद्धात गेले. १९४६ साली, बर्लिनपासून दूर, हार्त्स पर्वतराजीतील हानेनक्ले येथे त्यांनी देह ठेवला. लेकीने दुसरे गाणे लावले नाही. कारणही विचारले नाही. आईचा हात हाती घेऊन ती स्वस्थ बसून राहिली.

म्हणून सांगावेसे वाटते : एका वेळी एकच गाणे लावा, आवाज बेताचा ठेवा. श्रवणयंत्रातून खरखर त्रासदायक वाटत असेल, तर त्याच गीताचे स्वच्छ केलेले मुद्रण निवडा. “आठवतं का?” अशी परीक्षा घेऊ नका. अश्रू आले तर त्यांना वाट द्या. अस्वस्थता वाढली तर गाणे थांबवा. जुने गाणे आनंदाबरोबर दुःखही जागे करते. त्या वेळी आपण शेजारी असावे, एवढेच.