अट कोण घालतं?

१९२९ साली अखिल भारतीय चरखा संघाने १ लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. हवा होता नवा चरखा. यंत्र हलकं असावं, उचलून नेता यावं, हाताने किंवा पायाने चालावं. किंमत १५० रुपयांच्या वर जाऊ नये. बाईला त्यावर ८ तास फारशी दमछाक न होता काम करता यावं आणि तेवढ्या वेळात १२ ते २० नंबरचं १६,००० फूट सूत निघावं. यंत्र २० वर्षं टिकावं आणि वर्षाची दुरुस्ती किमतीच्या ५ टक्क्यांत भागावी. बक्षीस घेणाऱ्याने पेटंटचे हक्क संघाकडे सोपवावेत.

तंत्रज्ञान नव्याने येतं तेव्हा संस्था कशा वागतात, कुणाला विचारतात, कुणाला गृहीत धरतात, हा माझ्या अभ्यासाचा विषय. आमच्या क्षेत्रात ‘जबाबदार नवनिर्मिती’ हा शब्द युरोपातून आला. २०१३ साली जॅक स्टिल्गो, रिचर्ड ओवेन आणि फिल मॅक्नॅटन यांनी तिच्या चार कसोट्या मांडल्या: पुढे काय होईल याचा आधी विचार करा, स्वतःची गृहीतं तपासा, ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांना आत घ्या, आणि जे ऐकाल त्याप्रमाणे बदला. विद्यार्थ्यांना या कसोट्या शिकवताना मी चरख्याच्या त्या अटी समोर ठेवतो. पहिल्या दोन कसोट्यांवर पोरं पटापट खुणा करतात. दुरुस्तीचा खर्च, बाईचा थकवा, पेटंट, सगळ्याचा विचार झालेला. तिसरीला कुणीतरी अडतं. परीक्षक म्हणून नावं होती सतीशचंद्र दासगुप्त, राजशेखर बोस अशांची, म्हणजे रसायनउद्योगात मुरलेल्या माणसांची. कातणारी बाई अटींमध्ये पदोपदी आहे, अटी लिहिणाऱ्यांत ती नाही.

बक्षीस कुणालाच मिळालं नाही. किर्लोस्करवाडीच्या काळे यांचं यंत्र बरंच गाजलं, पण अटींना तेही पुरं पडलं नाही. ही गोष्ट फसलेल्या प्रयोगाची म्हणून सांगतात. मला तसं वाटत नाही. यंत्र जवळपास जमलंय म्हणून अट थोडी वाकवायची आणि पेढे वाटायचे, हे मी इतक्या प्रकल्पांत पाहिलंय की लाख रुपये तिजोरीत ठेवून ‘अजून नाही’ म्हणणाऱ्या संस्थेचं मला कौतुकच वाटतं.

पुढची बरीच घडामोड वर्ध्यात झाली. डिसेंबर १९३४ मध्ये ग्रामोद्योग संघ निघाला, जमनालाल बजाजांनी दिलेल्या बागेत मगनवाडी उभी राहिली, जे. सी. कुमारप्पांनी कारभार हाती घेतला. ३० डिसेंबर १९३८ ला तिथेच मगन संग्रहालय उघडलं. त्याआधी, १९३५ मध्ये, चरखा संघात मजुरीचा वाद पेटला होता. कातणारीला तासाला १ आणा मिळावा, असा गांधीजींचा आग्रह. खादी महागली तर घेणार कोण, ही भांडारवाल्यांची धास्ती. शेवटी ८ तासांच्या कामाला ३ आण्यांच्या आसपास तडजोड झाली. मागणी ८ आण्यांची होती हे लक्षात घेतलं तर ही रक्कम तुटपुंजीच. तरीही महत्त्वाचं हे की यंत्र सुधारण्याची वाट न पाहता संस्थेने आपल्याच हिशेबाच्या वहीत हात घातला.

आता कापसाकडे येतो, कारण वर्धा जिल्ह्यात कापूस टाळून बोलणं शक्य नाही. मार्च २००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली आणि तिच्यासोबत एक अट आली. ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅमची नॉन-बीटीची पुडी. बीटी पिकाभोवती निदान पाच ओळी किंवा क्षेत्राच्या २० टक्के, यांत जे जास्त असेल तेवढं साधं बियाणं लावायचं. कारण शास्त्रीय होतं आणि चोख होतं: बीटीवर तगून राहिलेल्या मोजक्या अळ्यांच्या पतंगांना जोडीदार मिळावेत ते साध्या कपाशीवरचे, म्हणजे विषाला दाद न देणारी जात लवकर फोफावणार नाही.

पण ही अट शेतकऱ्याच्या बांधावरून पाहा. पाच एकर कोरडवाहू, त्यातलं काही मक्त्याने घेतलेलं, बियाणं कृषी केंद्रातून उधारीवर. त्याला सांगायचं की पाचवा हिस्सा अळीला सोड, त्याने सगळ्या टापूचं भलं होईल. शेजाऱ्याने पुडी लावली नाही तर माझ्या त्यागाचं फळ त्याच्या पदरात. पुड्या बहुतेक घरांत कोपऱ्यात पडून राहिल्या, यात मला आळस दिसत नाही. एकट्याने पाळून उपयोग नसलेली अट एकेकट्यावर लादली होती. गावाने मिळून कडेची काही शेतं साध्या कपाशीला ठेवायची आणि त्या नुकसानीची भरपाई वाटून घ्यायची, असाही मार्ग होता. त्यासाठी ग्रामसभा लागली असती, आणि पाकिटात ग्रामसभा बसत नाही.

२०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भ नासवला. दोष कुणाचा यावर भरपूर बोललं गेलं. लांब मुदतीचे संकरित वाण, मार्चपर्यंत शेतात उभी राहणारी फरदड, आणि न लावलेली पुडी. फरदड आणि पुडी शेतकऱ्याच्या नावावर लागल्या. वाण कुणी बाजारात आणले, हा प्रश्न मात्र चर्चेत मागे पडला. पुढे मिश्रण असलेलं ४७५ ग्रॅमचं पाकीट आलं, साधं बियाणं त्यातच मिसळलेलं. उपाय व्यवहारी आहे, मी त्याच्या विरोधात नाही. पण त्यामागचा विचार स्पष्ट आहे: विचारून जमलं नाही, तेव्हा विचारायची गरजच काढून टाकली. जून २०१९ मध्ये शेतकरी संघटनेने अकोट तालुक्यात परवानगी नसलेलं तणनाशक-सहनशील बियाणं जाहीरपणे पेरलं, तेव्हा शहरातल्या माझ्या सहकाऱ्यांना धक्का बसला. मला नाही बसला. बंदी आणि परवानगी दोन्ही दिल्लीत ठरत असतील, तर शेतकऱ्याला सहभागाची हीच एक रीत उरते.

याच्या अगदी उलट्या बाजूचं उदाहरण सेवाग्रामचं. तिथे १९६९ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, आणि पुढे डॉ. उल्हास जाजू व त्यांच्या सहकाऱ्यांनी आसपासच्या गावांत ज्वारीवर चालणारी आरोग्यविम्याची योजना उभी केली. पीक निघालं की कुटुंबाने ज्वारी द्यायची. जमीन जास्त त्याचा वाटा जास्त, भूमिहीनाचा कमी. अचानक उद्भवलेल्या आजाराला कस्तुरबा रुग्णालयात फुकट उपचार. मोतीबिंदू, नेहमीचं बाळंतपण अशा आधी माहीत असलेल्या गोष्टींना खर्चाचा काही भाग घरून. आणि मुख्य अट: गावातली निदान ७५ टक्के कुटुंबं आली तरच गाव योजनेत.

विमावाल्याला या ७५ टक्क्यांचं गणित लगेच कळेल. फक्त आजारी माणसंच पैसे भरायला लागली तर योजना बुडते. मला त्यात दुसरंही काही दिसतं. एवढा आकडा गाठायचा तर भरल्या घरच्याला वस्तीवर जावं लागतं, आणि वस्तीतल्याने ‘तुम्ही किती देता?’ विचारलं तर उत्तर द्यावं लागतं. शिवाय गावाच्या हातात नकार राहतो. ज्वारी जमली नाही तर डॉक्टर कितीही चांगले असोत, योजना येत नाही.

याचं सोवळं करून ठेवू नये. सभेला कोण येतं, सभामंडपात कोण बसतं आणि पायरीवर कोण, हे मी विदर्भातल्या पुष्कळ गावांत पाहिलंय. बायका बहुधा दाराशी असतात आणि बोलल्या तर उठता उठता बोलतात. कामाचं नेमकं तेव्हाच बोलतात, असा माझा अनुभव. ७५ टक्के कुटुंबं म्हणजे ७५ टक्के माणसं नव्हेत. पुढे सोयाबीन आला, ज्वारीचा पेरा घटला. २०१२ पासून राज्य सरकारची जीवनदायी योजना आली, जी आता महात्मा फुलेंच्या नावाने चालते. तिच्यासाठी कुणाला सभेला बसावं लागत नाही. हृदयाची शस्त्रक्रिया करायची वेळ आली तर मीही ती योजनाच धरीन, जवळ पायलीभर ज्वारी असली तरी. मोठ्या आजाराला गावाचा गल्ला पुरत नाही. पण त्या योजनेत कोणता आजार बसावा हे ठरवताना सेलू किंवा देवळीतल्या कुणाचं मत लागत नाही, हेही खरं.

नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राने १५,००० महिला बचत गटांना फवारणीचे ड्रोन द्यायची योजना मंजूर केली. किमतीच्या ८० टक्के, जास्तीत जास्त ८ लाख रुपये अनुदान. १९२९ च्या अटी शेजारी ठेवून मी तिच्याकडे पाहतो. वजन, बाईचे श्रम, किंमत यांचा विचार कमीअधिक दिसतो. दुरुस्तीच्या ५ टक्क्यांसारखी अट कुणी घातली आहे का, बॅटरी निकामी झाली तर बोजा गटावर की सरकारवर, हे मला गावात जाऊन पाहायचंय. आणखी एक गोष्ट आहे. आपल्याकडे पाठीवर पंप घेऊन फवारणी करणारे मजूर बहुतेक पुरुष. ड्रोन उडवणाऱ्या बाईच्या गटात त्यांच्याच बायका असणार. एकीच्या कमाईत दुसरीच्या घरची मजुरी जाणार असेल, तर तो विषय गटाच्या बैठकीत निघतो का? ठरावाच्या वहीत सूचक, अनुमोदक आणि ‘सर्वानुमते मंजूर’ एवढंच सापडतं. म्हणून यंदा वह्या बाजूला ठेवून मी आधी फवारणी करणाऱ्यांच्या घरी जाणार आहे.