जमीनही जागा सोडते

मी लातूरचा. किल्लारीचा १९९३ चा भूकंप आमच्याकडे घराघरात माहीत. तरी पोर्ट ब्लेअरला पोस्टिंग आली तेव्हा गावाकडच्यांनी समुद्राबद्दल विचारलं, जमिनीबद्दल कुणीच नाही.

इथं भारतीय भूपट्ट बर्मा भूपट्टाखाली सरकतो. साठलेला ताण २६ डिसेंबर २००४ ला सुटला. देशाचं दक्षिण टोक, इंदिरा पॉइंट, चार मीटरहून जास्त खचलं. दीपगृहाचा पाया पाण्यात गेला. उत्तर अंदमानात मात्र किनारा मीटरभर वर आला, प्रवाळ उघडे पडून मेले. मागोमाग त्सुनामी आली. कार निकोबारच्या हवाई तळावर जवान आणि कुटुंबीय मिळून शंभरावर माणसं गेली.

आणि हेच सरकणं बॅरन बेटाचा ज्वालामुखी धुमसत ठेवतं. अंदमानची बरीचशी जमीनही समुद्रतळाचा गाळ खरवडून, चेपून वर आलेली. ज्यानं माणसं नेली, त्यानंच पायाखालची जमीन दिली. राग कुणावर धरायचा?

नव्या पोरांना मी एवढंच सांगतो: जोराचा, लांबलेला धक्का बसला की सायरनची वाट बघू नका. बायकापोरांना घ्या आणि उंचावर चढा.