बिऱ्हाडातला सोबती

लग्न जुळवायचे तर चार वडीलधारी मंडळी धावून येतात. बिऱ्हाडातला सोबती मात्र ज्याचा त्यानेच शोधायचा असतो. माझ्या मते हे काम लग्नाहून अवघड!

माकणीत माझे बिऱ्हाड आहे. दोन खोल्या, मध्ये पडवी, मोरी सामायिक. पलीकडच्या खोलीतले शिक्षक बदलून गेले आणि सगळे भाडे माझ्या एकट्याच्या गळ्यात पडले. नवा सोबती कसा हवा, हे मी मनाशी ठरवून ठेवले होते : निर्व्यसनी, पहाटे रेडिओ न लावणारा, आणि रात्री लिहीत बसलो तर दिव्यावरून कुरकुर न करणारा.

तसा एक तरुण चालूनही आला. तेरणेच्या धरणावर कामाला, बोलायला गोड. त्याने आगाऊ भाडे पुढे केले. घरमालकीणबाईंनी एकच विचारले, "झोप कशी हाय तुमची?"

"एकदम गाढ, आजी! कानाशी ढोल वाजला तरी जाग येत नाही."

"मग न्हाई जमायचं, लेकरा," म्हणून त्यांनी पैसे परत केले.

मी चरफडलो, पण बोलणार काय? ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट या भागात कोण विसरला आहे? अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे निजली होती. ३ वाजून ५६ मिनिटांनी धरणी हादरली. किल्लारी-सास्तूरच्या टापूत दगडमातीच्या भिंती आणि वरची जड माळवदे निजलेल्यांवरच कोसळली. आठ हजारांच्या घरात माणसे गेली. बाईंनी त्या रात्री दोन्ही मुलांना हाका मारल्या. थोरला उठला. धाकट्याची झोप गाढ होती.

१९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे भाडेकरार लेखी करून नोंदवावा लागतो. पण ही अट त्याच्या कोणत्या कलमात बसवायची? माझा निकाल तेवढा आधीच लागला होता. रात्री लिहिणारा माणूस झोपतो कुठे!

अखेर एक निवृत्त कंपाउंडर आले. रात्रभर खोकतात, दोनदा उठून बॅटरी घेऊन मोरीवर जातात, आणि पहाटे पाचाला रेडिओ! माझी एकही अट त्यांनी शाबूत ठेवलेली नाही. लिखाण पार खोळंबले आहे.

परंतु एक गोष्ट ध्यानात आली आहे. पूर्वी पडवीतल्या खाटेची करकर मध्यरात्र उलटली तरी थांबत नसे. आता पलीकडून खोकल्याची उबळ आली, की बाई कूस बदलतात, पांघरूण ओढून घेतात, आणि थोड्याच वेळात घोरू लागतात.