बिनसस्पेन्शनची डोंगरी सायकल : घरच्या जुळणीचे शास्त्र

ज्या डोंगरी सायकलीच्या चिमट्यात, म्हणजे पुढचे चाक दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या भागात, स्प्रिंग वा हवेचा दट्ट्या नसतो आणि मागचा सांगाडाही सलग असतो, तिला रिजिड सायकल म्हणतात. आज ती दुकानांत क्वचितच दिसते. परंतु डोंगरी सायकलीची सुरुवात तिच्यापासूनच झाली, आणि तीही कारखान्यात नव्हे. कॅलिफोर्नियातील मरिन परगण्यात १९७६ पासून भरणाऱ्या ‘रीपॅक’ शर्यतीत हौशी मंडळी जाड टायरच्या जुन्या सायकली दुरुस्त करून उतारावर सोडत, आणि मागच्या हबमधला ब्रेक इतका तापे की आतले ग्रीस जळून जाई व ते नव्याने भरावे लागे. १९७७ मध्ये जो ब्रीझ यांनी अशा वापरासाठी खास सांगाडा हाताने घडवला, १९८१ मध्ये ‘स्पेशलाइज्ड’ कंपनीची ‘स्टम्पजंपर’ बाजारात आली, आणि ‘रॉकशॉक्स’चा सस्पेन्शन चिमटा अवतरला तो १९८९ च्या सुमारास.

नवी मुंबईतील ऐरोलीसारख्या ठिकाणी या जुन्या रचनेकडे वळण्यामागे केवळ हौस नाही. पश्चिमेला ठाणे खाडी, पूर्वेला एमआयडीसीच्या पट्ट्यापलीकडे पारसिकची डोंगररांग, चार महिने पाऊस आणि एरवी खारट, दमट हवा, अशा जागी सस्पेन्शनच्या नळ्यांवरची रबरी सील चिखलाने झिजतात, आत पाणी शिरते आणि सील व तेल बदलण्याचा खर्च कायमचा मागे लागतो. स्वस्त सायकलींवरचा स्प्रिंगचा चिमटा अडीच किलोच्या आसपास भरतो, तर पोलादी रिजिड चिमट्याचे वजन साधारण त्याच्या निम्मे असते. पहिला दुकानाच्या काचेमागे रुबाबदार दिसतो, एवढेच त्याचे समर्थन करता येईल.

घरच्या जुळणीत सर्वाधिक विचार लागतो तो चिमट्याच्या लांबीला, आणि नेमका तोच भाग बहुतेक जण अंदाजाने उरकतात. ही लांबी चाकाच्या आसापासून चिमट्याच्या माथ्यापर्यंत मोजतात. २९ इंची चाकासाठीच्या, १०० मिलिमीटर चालीच्या, म्हणजे तेवढा दबू शकणाऱ्या, सस्पेन्शन चिमट्यात ती सुमारे ५०० मिलिमीटर असते, परंतु स्वार बसल्यावर चालीचा पाचवा ते चौथा हिस्सा दबलेलाच राहतो. त्यामुळे अशा सांगाड्यावर ४८० मिलिमीटरच्या आसपासचा रिजिड चिमटा बसवला, तर सायकलीची मूळ भूमिती टिकते. दोन्ही चाकांच्या आसांमधले अंतर साधारण ११०० मिलिमीटर धरल्यास चिमट्यातील २० मिलिमीटरच्या फरकाने हँडलच्या नळीचा कोन एका अंशाने बदलतो आणि क्रँकची, म्हणजे पेडलच्या दांड्यांच्या आसाची, उंची सुमारे ८ मिलिमीटरने. जुन्या २६ इंची सायकलीचा आखूड चिमटा सस्पेन्शनसाठी आखलेल्या सांगाड्याला जोडला, तर हा फरक चार-पाच सेंटिमीटरवर जातो, हँडल उतारावर बिचकू लागते आणि पेडल वाटेवरच्या दगडांना लागते.

सांगाड्यासाठी क्रोमियम व मॉलिब्डेनम मिसळलेले पोलाद, ज्याला बाजारात ‘क्रोमोली’ म्हणतात, सर्वांत सोयीचे, कारण ते थोडे लवचीक असते आणि त्याची दुरुस्ती शक्य असते. पुण्यात निवृत्त ग्रुप कॅप्टन शशिशेखर पाठक यांनी ‘बांबूची’ या नावाने बांबूचे सांगाडेही घडवले आहेत, यावरून हे काम केवळ मोठ्या कारखान्यांचे नाही हे दिसते. मात्र आर्गॉन वायूच्या आवरणात केले जाणारे टिग वेल्डिंग हे सदनिकेच्या बाल्कनीतले काम नव्हे. त्यासाठी, तसेच लेथ आणि पावडर कोटिंगसाठी, रबाळे-महापे पट्ट्यातील लहान कारखान्यांकडे जाणेच शहाणपणाचे. खाऱ्या हवेत पोलाद आतून गंजते, म्हणून रंगकामानंतर नळ्यांत जवसाचे तेल फिरवून निथळू द्यावे, तळाशी पाणी निघण्याचे भोक मोकळे ठेवावे आणि ॲल्युमिनियमचा सीटपोस्ट ग्रीस लावूनच बसवावा. अन्यथा दोन धातूंमधील विद्युत-रासायनिक क्रियेमुळे तो पोलादी नळीत कायमचा अडकतो.

क्रँकच्या बेअरिंगच्या घराला उजवीकडे उलटे आटे असतात, हे विसरून जोर लावल्यास सांगाडाच निकामी होतो. चाकांचा आउट काढणे, म्हणजे आऱ्यांचा ताण कमी-जास्त करून रिम सरळ धावेल असे करणे, शिकायला वेळ लागतो, पण ते घरी जमते. रिजिड सायकलीत टायर हेच एकमेव सस्पेन्शन असल्याने सव्वादोन इंचांहून रुंद, शक्य तर ट्यूबविरहित टायर घ्यावेत, कारण त्यांत हवा बरीच कमी ठेवता येते आणि खडकाचा धक्का रबरच पचवते. टायरवरची काटकसर मनगटांना भोवते. गिअरच्या बाबतीत पुढे ३२ दातांची एकच चकती आणि मागे सर्वांत मोठी ४२ दातांची चकती असेल, तर २९ इंची चाक पेडलच्या एका फेरीत सुमारे पावणेदोन मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या तर वेग ताशी सहा किलोमीटरच्या थोडा वर राहतो. पारसिकच्या दगडी चढावर बसल्या जागी चढायला तेवढा पुरतो.

एका बाबतीत मात्र तडजोड नसावी. पुढचा ब्रेक दाबताच जवळजवळ सगळा भार चिमट्यावर येतो, आणि तो तुटला तर स्वाराला सावरण्याची संधी मिळत नाही. म्हणून चिमटा आयएसओ ४२१० या मानकानुसार तपासलेला आणि नवाच विकत घ्यावा, आणि घरी वेल्ड केलेला किंवा वाकवून सरळ केलेला चिमटा फुकट मिळाला तरी नाकारावा.