चिगूर

चैत्र लागला की आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेली चिंच आधी तांबूस आणि मग पोपटी दिसू लागते. तिच्या या कोवळ्या पालवीला आमच्या घरात चिगूर म्हणतात. शब्द मूळचा तेलुगू, चिगुरु म्हणजे कोवळी पालवी. मराठवाडा 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे नाव तेलुगू, बोली दखनी आणि सोबत ज्वारीची भाकरी, अशी ही आमची थाळी.

लहानपणी दादी आम्हाला चिगूर तोडायला पाठवायची. तोडून आणलेली पालवी ती तळहातांवर चोळून काड्या वेगळ्या करी. कांदा, आले-लसूण घालून पावशेर गोश्त मऊ शिजू देई आणि चिगूर अगदी शेवटी टाकी. "पैले डाले तो गोश्त गलताच नै," असे ती सांगायची. आंबटपणाने गोश्त निबर राहते, असे तिचे म्हणणे होते. डाळीतही चिगूर टाकायचा तो डाळ शिजल्यावरच. पावशेर गोश्तात आम्ही नऊ माणसे जेवत असू.

पाहुणे आले की मात्र चिगूर फडताळात दडायचा. पाहुण्यापुढे झाडपाला कसा ठेवायचा? मग उसनवारी करून गोश्त येई. बाहेरच्यांचा समजही तसाच. मुसलमानाच्या घरी रोज बिर्याणी शिजते असे त्यांना वाटे आणि तो समज खोडून काढण्याऐवजी आम्हीही मिरवत राहिलो. शेवग्याची फुले, ओला हरभरा, चिगूर या वसंतात मिळणाऱ्या भाज्या आमच्या लेखी गरिबीची खूण झाल्या.

2019 च्या मार्च महिन्यात आम्ही सातवीच्या वर्गाला समतोल आहार शिकवत होतो. रक्तातल्या लोहाला उर्दूत फौलाद म्हणतात. तो शब्द आम्ही फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिला. त्याच आठवड्यात अम्मी जिन्यात चक्कर येऊन पडली. तपासले तर हिमोग्लोबिन सात. डॉक्टरांनी विचारले, जेवणात काय घेता? अम्मी म्हणाली, "जो सब खाते, वोच."

ते खरे नव्हते. गोश्ताचे तुकडे अब्बांच्या, भावांच्या आणि आमच्याही ताटात पडत. अम्मी सर्वांत शेवटी बसे, हंडी भाकरीच्या तुकड्याने पुसून घेई आणि लगेच कपभर चहा पिई. फळ्यावर फौलाद लिहिणाऱ्या आम्हाला हे इतक्या वर्षांत दिसले नव्हते.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि जेवणाला जोडून चहा घेऊ नका, असे बजावले. पालेभाजीतले लोह शरीरात सहज शोषले जात नाही. सोबत थोडे गोश्त असले किंवा वरून लिंबू पिळले तर ते अधिक शोषले जाते, आणि चहा मात्र त्याला अडवतो. म्हणजे थोडे गोश्त आणि ओंजळभर पाला हा दादीचा हिशेब चुकला नव्हता. आमचे वाढणे चुकले होते. अम्मीच्या वाट्याला उरलेला पाला आणि चहा एवढेच येत होते.

अम्मी सावरली ती गोळ्यांनी. भाजीने औषधाचे काम केले असे आम्ही म्हणणार नाही. पण गोळ्या संपल्यावर रोजचे ताटच तिला सांभाळणार होते.

2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. शाळेत मुलींना आठवड्याला एक निळी गोळी देताना आम्हाला हा आकडा आठवतो. एकदा आम्ही वर्गात विचारले, तुमच्या घरी सर्वांत शेवटी कोण जेवते? क्षणभर कोणी बोलले नाही. मग मागच्या बाकावरून आवाज आला, "आपा, अम्मी." हळूहळू सगळ्याच बाकांवरून तेच उत्तर आले. त्या दिवशी गृहपाठ एवढाच दिला की आज रात्री आधी अम्मीचे ताट वाढा.

यंदा आमच्याकडे पाहुणे आले तेव्हा आम्ही चिगूर-गोश्तच केले. पाहुण्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतले. अम्मीला सर्वांसोबत बसवले होते. दुसरा तुकडा घेण्याआधी तिने सवयीने सगळ्यांच्या ताटांवरून नजर फिरवली आणि हात आखडला. आम्ही काही बोललो नाही. तुकडा उचलून तिच्या ताटात वाढला आणि त्यावर लिंबू पिळले.